लांब पल्ल्याची बैठक

मोटारसायकलवरच्या लांब प्रवासाबद्दल मराठीत जे छापून येतं, त्यातलं बरंचसं लेह-लडाखच्या वाटेनं जातं. खारदुंगला, बर्फाच्या ओढ्यात अडकलेली बुलेट, तंबूतली रात्र. वाचायला ते छान असतं. पण लांब पल्ला म्हणजे तेवढाच, असा समज त्यातून होतो, आणि तो आमच्या भागाला लागू पडत नाही. नीरा-बारामती रस्त्यावर साधारण मध्यावर कोऱ्हाळे बुद्रुक आहे. निंबूत, करंजेपूल, वडगाव निंबाळकर, पणदरे, माळेगाव ही याच सडकेवरची गावं. इथून बारामतीच्या एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार जाऊन-येऊन 40 किलोमीटर गाडी चालवतो असं धरा. वर्षात कामाचे 300 दिवस धरले, तर 12,000 किलोमीटर झाले. पुण्याहून लेहला जाऊन परत यायला साधारण 5,000 किलोमीटर पडतात. म्हणजे हा गडी दर वर्षी दोनदा लडाखला जाऊन येतो आणि वर 2,000 किलोमीटर शिल्लक टाकतो. त्याला हार कुणी घालत नाही, कारण तो रोज संध्याकाळी घरीच येतो.

आणि तो एकटा नाही. पहाटे कॅन लावून गोठे फिरणारा दूधवाला, उसाच्या नोंदी घेत शिवार पालथं घालणारा कारखान्याचा चिटबॉय, पतसंस्थेचा पिग्मी एजंट, गाय माजावर आल्याचा फोन आला की निघणारा पशुवैद्यक, औषध कंपनीचा प्रतिनिधी, विद्या प्रतिष्ठान किंवा तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात शिकायला जाणारी पोरं-पोरी, शनिवारी संध्याकाळी पुण्याहून दिवे घाट चढून सासवड-जेजुरी-नीरामार्गे शंभरेक किलोमीटर मारत घर गाठणारे नोकरदार. या सगळ्यांची पोटं चाकावर चालतात. कंबर धरते, मनगटात मुंग्या येतात, मान आखडते. त्यावर घराघरांत दोनच औषधं आहेत: बामची बाटली आणि ‘होईल सवय’. ही पुस्तिका त्या दुसऱ्या औषधाविरुद्ध लिहिली आहे.

सवय होते, यात खोटं काही नाही. पण सवय दुखण्याची होते; दुखण्याचं कारण जागेवरच राहतं. दहा वर्षांनी तेच कारण डॉक्टरच्या टेबलावरच्या एक्स-रेत दिसतं. म्हणून आधी कारण समजून घेऊ.

गाडीवर बसलेल्या माणसाचं वजन तीन ठिकाणी उतरतं: सीटवर, फूटरेस्टवर आणि हँडलवर. लांबच्या प्रवासातल्या बहुतेक दुखण्यांचं मूळ या तिघांच्या वाटणीत असतं. गाडीला जुंपलेल्या जोडीतला एक बैल अंग चोरू लागला, की दुसऱ्याचा खांदा सुजतो, इथंही तसंच. पाय नुसते लोंबत ठेवले तर सगळा भार बुडावर. हँडल लांब पडलं तर धड पुढं झुकतं आणि भार मनगटांवर. पोटा-पाठीच्या स्नायूंनी अंग सावरलं नाही तर तो पाठीच्या कण्याच्या खालच्या मणक्यांवर. मग आपण म्हणतो, सीट वाईट आहे. कधी असतेही. पण पुष्कळदा सीटला इतर दोघांचं काम करावं लागलेलं असतं.

बुडाच्या तळाशी बसण्याची दोन हाडं असतात. खुर्चीवर हात खाली घालून बसलं की ती हाताला लागतात. सरळ बसलेल्या माणसाचा भार मुख्यतः या दोन टोकांवर येतो आणि त्यांच्याखालचं मांस चेपलं जातं. त्यातल्या बारीक केशवाहिन्यांतून रक्त नीट फिरेनासं होतं. आधी तिथं ऊब जाणवते, मग जळजळ, मग बधिरपणा. बधिरपणा आला म्हणजे दुखणं थांबलं असं वाटतं. खरं तर तक्रार करणाराच गप्प झालेला असतो. यावर उपाय एकच: दाब हलता ठेवणं. दर पंधरा-वीस मिनिटांनी सीटवर दोन बोटं पुढं-मागं सरकायचं. रिकामा, सरळ रस्ता दिसला की क्षणभर दोन्ही फूटरेस्टवर वजन देऊन बूड उचलायचं. रक्त परत येतं, आणि पुढची वीस मिनिटं कमावली जातात.

आता सीटविषयी. शोरूममध्ये गिऱ्हाईक अंगठ्यानं सीट दाबून पाहतं आणि मऊ लागली की खूश होतं. मऊ सीट पहिल्या दहा मिनिटांची असते. पातळ, मऊ फोम हाडांखाली पुरता चेपतो आणि मग माणूस फोमवर न बसता सीटच्या कडक तळावर बसतो. दोन तासांची सीट जरा घट्ट असते, मागच्या बाजूला रुंद असते आणि दोन हाडांवरचा भार मांड्यांच्या मागच्या भागावर पसरवते. तिचा उतार पुढं असला तर माणूस सारखा टाकीकडे घसरत राहतो, आणि जिथं अजिबात दाब नको तिथं दाब येतो. हे दोष नवी गाडी न घेता काढता येतात. सीट शिवणाऱ्या चांगल्या कारागिराला फोम काढून उतार मोडायला, वर घट्ट थर द्यायला सांगायचं. फक्त सांगताना ‘मऊ करा’ म्हणायचं नाही. तो बिचारा सांगितलं तेच करतो.

रेक्झिन हा सीटचा दुसरा शत्रू. उन्हात उभी केलेली काळी सीट चटका देते ते वेगळंच, पण रेक्झिनमधून घाम जिरत नाही. ओल्या कपड्याखाली कातडी मऊ पडते, घासली जाते आणि पुरळ उठतं. परदेशातले लांबचे प्रवासी यावर मेंढीचं लोकरीसकट कमावलेलं कातडं सीटवर टाकतात. आपल्याकडे त्यासाठी परदेशी माल मागवायची गरज नाही. बारामती-इंदापूरच्या माळांवर धनगरांचे वाडे पिढ्यान्‌पिढ्या पडत आले, आणि घोंगडी इथल्या घराघरांत आहे. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाएवढा दमटपणा शोषून घेते आणि तरी ओली लागत नाही. तिच्या धाग्यांतून हवा खेळते. जुन्या घोंगडीचा तुकडा सीटच्या मापानं कापून, खालून पट्ट्यांनी घट्ट आवळून बसवला तर उन्हाळ्यात आणि थंडीत दोन्ही वेळी उपयोगी पडतो. नुसता टाकून मात्र बसू नये; घसरणारं आसन हे दुखऱ्या आसनापेक्षा वाईट.

फुकटातला एक उपाय इथंच सांगून ठेवतो. पॅन्टच्या मागच्या खिशातलं पाकीट काढून पुढं ठेवा. एका बाजूला जाड पाकीट असलं की कमरेचा कणा तासभर तिरका राहतो, आणि बुडातून पायात उतरणाऱ्या शिरेवर दाब येतो. पायात कळ येते आणि माणूस शॉकअपला शिव्या घालतो.

गाडी कुणाच्या मापाची असते? कारखाना सरासरी माणसाच्या मापानं गाडी बनवतो, आणि सरासरी माणूस कोऱ्हाळ्यात राहत नाही. इथं कुणी पाच फूट दोन इंच आहे, कुणी सहा फूट. जुन्या काळी चालकाची सीटच स्प्रिंगांवर बसवलेली असे, कारण मागच्या चाकाला शॉकअप नव्हता. सगळे धक्के सीटच्या स्प्रिंगांनी झेलायचे. पुढं मागच्या चाकाला शॉकअप आला आणि सीट लांब, सपाट झाली. पुणे-नगर पट्ट्यानं तर स्वस्त दुचाकीचा इतिहासच घडवला. 1972 मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकची लूना आली, मग बजाजची एम-80 दुधाच्या कॅनसाठीच जन्मली असावी अशी गावोगाव रुळली. राजदूत दूधवाल्यांची गाडी म्हणून ओळखली गेली. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आणि 1994 मध्ये स्प्लेंडर आली. 2001 मध्ये पल्सर. आज तर बारामतीच्या एमआयडीसीतच पियाजिओची व्हेस्पा तयार होते. गाड्या बदलल्या, मायलेज, ताकद, रंग यांवर चर्चा झाल्या. पण गाडी आपल्या अंगाला लावून घ्यायची असते, ही गोष्ट गिऱ्हाइकाला कुणी सांगितली नाही. गाडी आणली, नारळ फोडला, हार घातला, लिंबू टायरखाली चिरडलं. क्लचचा दांडा मात्र फिटरनं ज्या कोनात लावला होता त्याच कोनात दहा वर्षं राहिला.

तो कोन बदलणं हे पाच मिनिटांचं काम आहे. गाडीवर बसून हात सहज पुढं करा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत सरळ रेष आली पाहिजे. मनगट वर मोडत असेल तर क्लच-ब्रेकचे दांडे खाली फिरवून घ्या, खाली मोडत असेल तर वर. हँडलही त्याच्या पकडीत थोडं पुढं-मागं फिरतं. कोपरं किंचित वाकलेली राहिली पाहिजेत, म्हणजे धक्का खांद्यापर्यंत पोचत नाही. गिअरचा आणि मागच्या ब्रेकचा पायदांडा असा लावा की पाऊल फूटरेस्टवरून न उचलता अंगठ्याचा भाग त्यावर जाईल. एवढं केल्यावर निम्म्या लोकांची हातातल्या मुंग्यांची तक्रार थांबावी. उरलेली बऱ्याचदा पकडीची असते. भीतीनं किंवा घाईनं माणूस हँडल मुठीत आवळतो. तळहातातून बोटांकडे जाणाऱ्या शिरांवर सतत दाब आला की करंगळी आणि अनामिका सुन्न होतात. हँडल धरायचं ते दिशा देण्यासाठी. अंग सावरण्याचं काम टाकीला चिकटवलेल्या गुडघ्यांचं.

मग थरथर. आपल्या बहुतेक गाड्या एका सिलिंडरच्या. 100-110 सीसीचं इंजिन ताशी 70-75 ला मिनिटाला सहा-साडेसहा हजार फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला शंभरएक. ही बारीक थरथर हँडलातून आणि फूटरेस्टमधून तासन्‌तास अंगात जात राहते. प्रत्येक गाडीला एक शांत वेग असतो. लहान गाड्यांचा तो पन्नास-पंचावन्नच्या आसपास सापडतो. तो ओळखा आणि तिथं राहा. वेळेचा हिशोबही करून पाहा: 20 किलोमीटर ताशी 50 नं गेलं तर 24 मिनिटं, ताशी 70 नं गेलं तर 17. मध्ये एखाद्या गावची बाजारपेठ, दोन-चार गतिरोधक, उसाची एखादी ट्रॉली धरली, की त्या सात मिनिटांतली दोन-तीनच हाती लागतात. थरथर मात्र पूर्ण वाट्याला येते.

वाऱ्याचा हिशोब आणखी कडक आहे. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो: वेग दुप्पट केला तर रेटा चौपट होतो. 55 चा 70 केला की छातीवर येणारा रेटा दीडपटीहून जास्त होतो. तो झेलायला मान, खांदे, हात राबतात, आणि घरी गेल्यावर ‘आज काहीच केलं नाही तरी दमलो’ असं वाटतं. दमवतो तो आवाजही. मोठ्या वेगाला हेल्मेटमधल्या वाऱ्याचा आवाज 90 डेसिबलच्या वर जातो. इतका आवाज रोज तासन्‌तास कानावर पडला तर ऐकू कमी येण्याचा धोका असतो, आणि त्याआधी डोकं जड होतं. हेल्मेट घेताना आयएस 4151 चा आयएसआय शिक्का पाहाच, पण माप त्याहून नीट पाहा. भुवयांच्या वर साधारण एक इंचावर टेपनं डोक्याचा घेर मोजा आणि गालाला गच्च लागणारं घ्या. सैल हेल्मेट वाऱ्यात हलतं आणि मान ओढतं. कपाळावर एका जागी टोचणारं हेल्मेट अर्ध्या तासात डोकं उठवतं, मग माणूस ते काढून आरशाला अडकवतो. अपघात नेमका तेव्हा व्हायचा थांबत नाही.

शॉकअपचं गणित दूधवाल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. 40 लिटरच्या कॅनमधलं दूध साधारण 41 किलो भरतं, वर कॅनचं वजन. दोन कॅन म्हणजे मागच्या बाजूला एक सबंध माणूस आणखी बसला. बहुतेक गाड्यांच्या मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगला बुडाशी खाचांची चकती असते. ओझं असताना ती घट्ट खाचेवर आणि रिकाम्या गाडीला सैल खाचेवर लावायची, एवढंच तिचं काम. ती सैल खाचेवरच राहिली तर ओझ्यात गाडी बुडते आणि खड्ड्यात तळाला आपटते. घट्ट खाचेवरच राहिली तर रिकामी असताना दगडासारखी उडते. माणसाच्या अंगाला उभ्या दिशेनं सेकंदाला चार ते आठ वेळा बसणारे हेलकावे सगळ्यात जास्त जाचतात, आणि खराब रस्त्यावरून बुडालेली गाडी कमरेला नेमके तसलेच हेलकावे देते. टायरमधली हवाही याच हिशोबात येते. पंपावर ‘फुल्ल मार’ म्हटलं की टायर टणक होतो आणि रस्त्यातला प्रत्येक खडा मणक्यापर्यंत पोचवतो. गाडीच्या चेनकव्हरवर किंवा पुस्तिकेत लिहिलेला आकडा एकट्यासाठी वेगळा, डबलसीटसाठी वेगळा असतो, तो वाचा.

हवामान हा या प्रवासातला दुसरा सोबती. बारामती तालुका पर्जन्यछायेत येतो. कालव्याचं पाणी उसाला मिळालं तरी आभाळ कोरडंच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. अशा हवेत गाडी पळाली तरी वारा अंग गार करत नाही. कातडीपेक्षा हवाच गरम असते. घाम उडतो त्याचा तेवढा गारवा मिळतो, पण त्याबरोबर अंगातलं पाणी भराभर जातं. अर्ध्या बाह्यांच्या शर्टापेक्षा सैल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि मानेला ओलं उपरणं हा जुना शहाणपणा शास्त्रालाही पटतो. थंडीत उलट. डिसेंबरच्या पहाटे पारा 10 अंशांवर असेल आणि गाडी ताशी 50 नं चालली, तर उघड्या कातडीला पाच-साडेपाच अंशांसारखा गारठा जाणवतो. गार बोटं ब्रेक उशिरा दाबतात. हातमोजे नसले तर निदान छातीवर शर्टाच्या आत वर्तमानपत्राची घडी घाला. छाती ऊबदार राहिली की अंग हातापायांकडे जाणारं रक्त आखडत नाही.

अमेरिकेत आयर्न बट असोसिएशन नावाची दूरच्या प्रवाशांची संघटना आहे. 24 तासांत 1,000 मैल, म्हणजे 1,600 किलोमीटरच्या वर, ही त्यांची प्रवेशपरीक्षा. इतकं अंतर जाणारी माणसं जोरात हाणत असतील असं आपल्याला वाटतं. त्यांचा सल्ला नेमका उलटा आहे: वेगाचा नाद सोडा, थांबे आधी ठरवा, कमी आणि हलकं खा, पाणी पीत राहा, प्रवासाच्या तोंडावर गाडीत काही नवं बसवू नका. त्यांच्या आणि आपल्या प्रवासात एक मोठा फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. त्यांचा दिवस उतरल्यावर संपतो. इथल्या माणसाचा दिवस उतरल्यावर सुरू होतो: आठ तास मशीनपुढे उभं राहायचं, धारा काढायच्या, गाय तपासायची, वर्गात बसायचं. म्हणून या पुस्तिकेत आरामाचं माप हे आहे: स्टॅण्ड लावल्यानंतर अंगात किती कस शिल्लक राहतो.

थांब्यांचं शास्त्र आपल्याला नवं नाही. सासवडहून निघणारी सोपानकाकांची पालखी सोमेश्वरनगर, कोऱ्हाळे करत याच सडकेनं बारामतीला जाते. वारीत विसावा ही दमल्यावर घ्यायची गोष्ट नसते. ती जागा आणि वेळ आधीच ठरलेली असते, दमला असो वा नसो, दिंडी थांबते. गाडीवरही तासा-सव्वा तासानं, न दमता थांबायचं. या रस्त्यांवर त्यासाठी रसवंतीसारखी जागा नाही. रस बिनबर्फाचा, लिंबू-आलं घातलेला घ्या, चार पावलं चाला, कंबर मागं वाकवा, खांदे फिरवा. दुपारी दोन ते चार आणि पहाटेच्या आधीचे तास हे अंगाच्या घड्याळात झोपेचे असतात. रात्रपाळी संपवून निघालेल्याला हे सांगायला नको. ताशी 60 च्या वेगाला तीन सेकंदांची डुलकी म्हणजे 50 मीटर गाडी आपोआप चालली. चेहऱ्यावर पाणी मारून ती टळत नाही; पंधरा-वीस मिनिटं झोपल्यानंच टळते.

आतापर्यंत सगळं चालकाविषयी झालं. मागं बसलेल्या बाईविषयी आपल्या गॅरेजांत आणि कट्ट्यांवर कुणीच बोलत नाही. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईचं कंबरेखालचं अंग एका दिशेला आणि वरचं दुसऱ्या दिशेला असतं. हातात पिशवी, मांडीवर मूल, आणि धरायला नवऱ्याचा खांदा. पुढचा रस्ता तिला दिसत नाही, म्हणून गतिरोधकाचा धक्का तिला कधीच आधी कळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 123 वा नियम मागच्या माणसासाठी धरायला पकड, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं आवरण सक्तीचं करतो. गाडी ‘भारी’ दिसावी म्हणून पोरं साडी गार्ड काढून टाकतात, तेव्हा आईची पाय ठेवायची जागाही जाते आणि पदर चाकात जायची वाट मोकळी होते. दोन्ही बाजूंनी पाय टाकून बसता येत असेल तर कमरेला ते केव्हाही चांगलं. पंजाबी ड्रेसनं इथल्या मुलींना दिलेलं हे मोठं सुख आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी 15 फेब्रुवारी 2023 पासून चालकाला बांधणारा पट्टा आणि हेल्मेट बंधनकारक आहे, आणि मूल गाडीवर असताना वेग ताशी 40 च्या आत हवा. टाकीवर बसवलेलं मूल वारा, इंजिनाची ऊब आणि धक्का हे सगळं सर्वांत आधी झेलतं.

बाईच्या प्रवासातली दुसरी अडचण गाडीची नाहीच. रस्त्यात स्वच्छतागृह नाही म्हणून ती निघायच्या आधी दोन तास पाणी पीत नाही. मग उन्हात डोकं दुखतं, चक्कर येते, आणि दोष उन्हाला जातो. अशा गोष्टी सीट बदलून सुटत नाहीत. गळीत हंगामात रात्री मागं दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या जोडट्रॉल्या, रस्त्यावर सांडलेला ऊस, कालव्याकडेच्या वळणावरचे रंग न मारलेले गतिरोधक, साइडपट्टीचा अर्धा फूट खोल कडा, हे सगळं चालकाच्या खांद्यांत आणि मानेत ताण होऊन साठतं. अंधारात दोन डोळे फाडून 20 किलोमीटर गेलेला माणूस दमतो तो गाडीमुळं नव्हे. कारखान्यानं ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावला, रस्त्याच्या ठेकेदारानं गतिरोधकाला पांढरा पट्टा मारला, बसथांब्याला स्वच्छतागृह आलं, तर हजारो कंबरा आणि माना एकदम सुखावतील. ही मागणी ग्रामसभेत करायची असते. तिच्यासाठी शेवटचं प्रकरण राखून ठेवलं आहे.

दुखण्याची सीमारेषाही माहीत हवी. उतरल्यावर अर्ध्या तासात जाणारा बधिरपणा हा गाडी किंवा बैठक सुधारण्याचा निरोप असतो. रात्री झोपेत हात सुन्न होऊन जाग येऊ लागली, कंबरेची कळ गुडघ्याखाली उतरू लागली, बोटं थंडीत पांढरी पडू लागली किंवा लघवीवरचा ताबा सैल वाटला, तर ते काम गॅरेजचं नाही, डॉक्टरचं आहे, आणि उशीर न करता.

ग्रामसभेचं ते शेवटचं प्रकरण सोडलं तर पुढची प्रकरणं खर्चाच्या क्रमानं लावली आहेत. पहिल्या भागात फुकटचे बदल: पाकीट, पकड, दांड्यांचे कोन, हवा, शॉकअपची खाच, थांबे. दुसऱ्यात शे-पाचशे रुपयांचे: घोंगडीचं आसन, हातमोजे, स्वच्छ व्हायझर, सॅकचं वजन खांद्यावरून उतरवून मागच्या सीटवर बांधायचे पट्टे. तिसऱ्यात सीट नव्यानं बांधून घेणं, शॉकअप बदलणं आणि नवी गाडी निवडताना तिच्यावर निदान पंधरा मिनिटं बसून पाहणं. चौथ्यात अंगाची तयारी. इथल्या तालमींत ज्यांनी बैठका मारल्या त्यांना सांगायला नको की मांड्या आणि पोट घट्ट असलं की पाठीवर भार येत नाही. रोजचे दहा-बारा सूर्यनमस्कार कुठल्याही महागड्या सीटपेक्षा जास्त काम करतात. हा क्रम मोडू नका. खर्चाच्या बदलांनी सुरुवात केलेला माणूस पुष्कळदा चार हजार घालवून तीच कंबर घेऊन परत येतो, कारण दोष हँडलच्या कोनात होता. बदल एका वेळी एकच करा, आठवडाभर रोजच्या रस्त्यावर चालवून पाहा, मागं बसणाऱ्यालाही विचारा, आणि मगच पुढच्याला हात घाला. गुण कशानं आला ते तेव्हाच कळतं.